दिंडं किती खाल्लीस?
नागपंचमीला पुरणाची दिंडं उकडायला ठेवली, की त्या वासानं माझा हात आपोआप पोटावर जातो. शिराळ्यात सहावीला होते, वर्गात सगळ्यांत जाड. सणाच्या दुपारी पोट दुखायला लागलं, तशी आत्या बेंबीवर हिंग चोळत म्हणाली, "दिंडं किती हाणलीस गं?" मी एकच खाल्लं होतं, पण ते कुणाला पटेना. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा आईनं सांगलीला नेलं. सोनोग्राफीचे डॉक्टर पोट दाबून दाबून दमले. "चरबी फार आहे, अपेंडिक्स दिसतच नाही." आई लगेच म्हणाली, "आवं, तोंडावर ताबाच न्हाई हिचा." मग लहान मुलांच्या डॉक्टरबाई आल्या. काय खाल्लं, ते त्यांनी विचारलंच नाही. "बाळा, एक उडी मारून दाखव." मी जेमतेम उडाले आणि कळवळून खालीच बसले. "सीटी स्कॅन करू, बहुतेक ऑपरेशन लागेल," त्या आईला म्हणाल्या. अपेंडिक्स फुटायच्या बेतातच निघालं. आता व्रणही पुसट झालाय. पण पोटात जरा दुखलं, की आजही मी आधी स्वतःलाच दरडावते, किती खाल्लंस?