एवढंसं टेबल

मुलीचा कॉलेजप्रवेश जातपडताळणीसाठी लागणाऱ्या माझ्या आजोबांच्या जन्मनोंदीवर अडला होता, म्हणून तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. तिथल्या बाईंचं टेबल पाटाएवढं आणि मागे छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेले बस्ते. त्या एक सोडायच्या, पाहायच्या, बांधून जागेवर ठेवायच्या, मगच दुसरा आणायच्या. मी घाईने पुढचा बस्ता टेबलावर ठेवला.

"आधी हा बांधू द्या," त्या म्हणाल्या. "दोन एकदम सुटले की कुणाचे आजोबा कुणाच्या गावाला जातात!"

मला आमच्या ऑफिसातला पहिला कॉम्प्युटर आठवला. कामाला जागा सहाशेचाळीस केबी, आजच्या एका फोटोलाही न पुरणारी. जास्तीची मेमरी बसवली, तर ती त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर. मग कुणा हुशार माणसाने त्या टप्प्यातच एक छोटी चौकट राखली. मागच्या जास्तीच्या मेमरीतलं एक पान तिथे आणायचं, काम झालं की परत ठेवायचं, दुसरं आणायचं. यंत्र होतं तेवढंच राहिलं आणि अख्ख्या तालुक्याची मतदारयादी त्यावर झाली. त्या माणसाला मी मनातल्या मनात कितीदा हात जोडले असतील!

नवव्या बस्त्यात आजोबा सापडले. बाईंनी नक्कल दिली आणि मी उठायच्या आत आजोबांना गाठ मारून पुन्हा जागेवर ठेवलं.