नदीकाठचा अर्धा तास

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात नदीकाठच्या बाकावर मी बसले होते. समोरच्या घराच्या गॅलरीत एक बाई ओली चादर वाळत घालत होती. नवरा मदतीला आला, तर तिनं त्याला कोपरानंच बाजूला सारलं. तो हसत आत गेला. मला त्या बाईचं मन चटकन कळलं, आणि कळलं म्हणून थोडी भीतीही वाटली.

माझ्या लग्नाला नऊ दिवस झाले होते आणि मला सत्तेचाळीस वर्षं. इतकी वर्षं एकटीनं काढल्यावर सुधीर आयुष्यात आले होते. मघाशी ते कॉफी आणायला गेले, तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. चपला काढून मी ऐसपैस पाय पसरले. पण दहा मिनिटांची वीस झाली, विसाची तीस, आणि जीव घाबरा झाला. येणाऱ्याजाणाऱ्यांत मी त्यांचा निळा सदरा शोधू लागले. माणूस गेला म्हणून बरं वाटतं आणि येत नाही म्हणून जीव कासावीस होतो. यातलं माझं खरं कुठलं?

ते आले तेव्हा कॉफी गार झाली होती.

"तुम्ही गेलात ना, तेव्हा मला बरं वाटलं," मी सांगूनच टाकलं.

त्यांनी दोन्ही कप बाकावर ठेवले. मग म्हणाले, "मलाही. म्हणून तर दोन गल्ल्या जास्त फिरलो."

रागवावं की हसावं, मला कळेना. त्यांना बसायला जागा करून देण्यासाठी मी सरकले. किती सरकावं, तेही नीट उमगलं नाही.