पासलीकरांचा समुद्र

सहलीचे किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. कपड्यांत वाळू शिरावी तसे ते शिरतात आणि घरी आल्यावर चार दिवस कुठून कुठून सांडत राहतात. मी घाटावरच्या पासली गावच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होतो. विषय सगळेच, पण जीव भूगोलावर. आता रिटायर होऊन भोरला असतो. यंदा मे महिन्यात पासलीची बारा माणसं टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये घातली आणि वरंधा घाटाने कोकणात उतरवली. श्रीवर्धनच्या बाजूची, समुद्राकाठची दोन-तीन गावं, एक मुक्काम. बहुतेकांनी समुद्र फक्त मोबाईलवर पाहिलेला!

घाटात माझ्या शेजारी तान्हूबाई होत्या. त्यांचे मालक गेल्या थंडीत वारले. रक्षा गावच्या नदीत सोडलेली. त्या हळूच म्हणाल्या, "गुरुजी, समिंदर दावतो, समिंदर दावतो म्हनत ह्यांनी उभा जन्म काढला, अन् सोता एकलंच फुडं गेलं. नदीतनं तिकडंच गेलं असत्याल न्हवं? मला तेवढी गाठ घ्यायची हाय."

घाट उतरला की समुद्र, हे खरं. पण पासलीचं पाणी घाट उतरत नाही. ते उलट्या दिशेने नीरेला मिळतं, पुढे भीमेला, आणि पार पूर्वेच्या समुद्राला जातं. हे मी पोरांकडून तीस वर्षं घोकून घेतलंय! चूक दिसली की दुरुस्त करायची ही माझी जुनी खोड, पण त्या दिवशी ती आवरली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

*

पहिलं गाव लागलं आणि सगळे खिडक्यांना चिकटले. एक घर निळं, शेजारचं गुलाबी, त्याला लागून पोपटी. होड्याही तशाच, वर झेंडे. आमचे सदूभाऊ भातशेतीवाले, डोक्यात कायम शेत. ते म्हणाले, "एवढ्या रंगात बेंदराला आख्ख्या तालुक्याच्या बैलांची शिंगं रंगली असती!"

नंतर ते वाळूत उतरले. ओहोटी लागलेली, ओली वाळू लांबपर्यंत सपाट. सदूभाऊंनी पायाने दाबून बघितली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थूः करून थुंकले.

"गुरुजी, एवढं पानी नासवलं कुनी?"

मी खारेपणाची कारणं सांगायला लागलो. माणूस ऐकतच नव्हता. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

*

बायकांची गंमत निराळी. पाणी म्हणजे देव, तिथे चप्पल घालून कसं जायचं? बायकांनी पाण्याच्या कडेलाच चपला काढल्या. देवळाबाहेर लावतात तशी नीट रांग लावली आणि बाजूला जाऊन हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात भरती लागली. वळून बघतात तर रांग पाण्यात, आणि दोन जोड पार आत निघालेले!

हौसाक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या, "देवाच्या दारातनं चपला जात्यात हे ठावं व्हतं. देवच घिऊन जातोय हे आज बघितलं!"

*

धोंडीबा आमचा धनगर. जन्म मेंढरांमागे गेलेला. दुपारी गावातल्या होड्या बाहेर पडताना त्याने सवयीने मोजल्या. एकवीस. दिवेलागणीला परत आल्या वीस.

झालं! "येक व्हडी कमी हाय" म्हणत गडी जेवायला बसेना. ज्या कोळीणबाईंच्या घरी आमचं जेवण होतं, त्या हसल्या. "भाऊ, ती आमचीच हाय. आमचा माणूस रोजच मागे राहतो. तुम्ही जेवा."

"मागं ऱ्हातंय त्याचीच वाट बघायची आसती, ताई," धोंडीबा म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला. त्या बाईंचं हसू मावळलं. हातातली पळी ठेवून त्याही शेजारी टेकल्या. होडी आली तेव्हा पहिला उभा राहिला तो धोंडीबा.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी तान्हूबाई एकट्याच पाण्याकडे चालल्या. मी मागोमाग गेलो. गुडघाभर पाण्यात त्या थांबल्या, पदराची गाठ सोडून घरचे मूठभर तांदूळ हातात घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गुरुजी, खरं सांगा. आपल्या नदीचं पानी हितंच येतं न्हवं?"

तीस वर्षं फळ्यावर काढलेला नकाशा डोळ्यांपुढे आला.

"व्हय," मी म्हणालो. "हितंच येतं."

त्या डोळे पुसून हसल्या.

"गुरुजी, तुमच्या शाळंच्या खिडकीखाली म्या धा वर्सं गुरं राखली. आपली नदी कुठं जाती त्ये मला तोंडपाठ हाय."

एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली. तांदूळ पाण्यात सोडत त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "आवो, ऐकलंसा का? गुरुजी सोता व्हय म्हनलं!"