अकराचा नळ

आमच्या दुष्काळी आटपाडीच्या स्टँडवर एसटी हलली तशी अम्मीनं खिडकीतून शेवटचं बजावलं, "पाणी जपून वापर गं, नाव घालवू नगंस आमचं." तिकडच्या माझ्या बहिणींनो, आणि माझ्यासारख्याच नदीकाठच्या गावांत दिलेल्या मैत्रिणींनो, नवी नवरी मी, हे मनावर घेणारच ना?

सांगलीत दुसऱ्याच सकाळी नळ आला आणि सासूबाईंनी कालच्या भरलेल्या कळशा मोरीत ओतल्या. शिळं पाणी म्हणे! भाकरी शिळी होते, पाणी कसं होईल? मग मी शहाणी रोज ते पाणी पळवून खाटेखालच्या बिर्याणीच्या देगीत साठवू लागले. ईदेला देग ओढली तर आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आगं, नळ उद्या बी येणार हाय की." मला काही ते पटलं नाही. अशी मी हुशार.

आता म्हातारपणी आम्ही शहराच्या कडेला, गुंठेवारीत, गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या रानातल्या वस्तीत राहतो. लेक ट्रक चालवतो, महिनोन्‌महिने बाहेर. इथं नळ यायचा सकाळी अकराला, भर कामाच्या वेळी. माझे गुडघे गेलेले, म्हणून भरायला सून रुखसाना घरी थांबायची. तिला शिवणाच्या कारखान्यात काम मिळत होतं, पण मालक सोमवारपर्यंतच थांबणार होता.

नात अफ्रीन कॉलेजात समाजशास्त्र शिकते. ती म्हणाली, "दादी, पाइप कुठवर गेलाय एवढ्यानं शहर कळत नाही. नळासाठी घरी कोण थांबतं, ते बघायचं." तिनं गल्लीचा नकाशा काढला आणि जिथं बाई थांबते त्या घराला लाल टिकली चिकटवली. गल्ली नुसती नटली!

नकाशा घेऊन आम्ही बायका पाण्याच्या ऑफिसात गेलो. रुखसाना सोडून, तिला नळासाठी थांबायचं होतं. साहेब म्हणाले, वेळा ठरलेल्या असतात. मी म्हटलं, "साहेब, रस्त्यापलीकडच्या बंगल्यांना सकाळी सहाला पाणी येतं. त्यांच्या टाक्या आपोआप भरत्यात, थांबायला कोण लागत न्हाई. त्यांना अकराला सोडा, आमाला सहाला." साहेब टिकल्या बघत बसले. मग हसले.

सोमवारी सहाला नळ फुरफुरला. आठच्या आत सगळं भरून झालं. रुखसाना डबा घेऊन कारखान्यात निघाली, अफ्रीन कॉलेजात, आणि मी उगीचच, रिक्षानं नदीच्या घाटावर. दारात कळलं, आमच्याकडे कुलूपच नाही. कधी लागलंच नव्हतं. शेवटी कडीला माझी जुनी ओढणी बांधली.

तुम्ही फोनवर विचारता, तुझं घर आता आटपाडी का सांगली? बायांनो, ज्या दाराला गाठ मारून आम्ही तिघी तीन दिशांना गेलो, ते माझं घर.