बांगड्या फोडल्या, पण सांगितलं न्हाई

"आजी, तुम्ही दोघं पॉझिटिव्ह," डॉक्टर दारातूनच म्हणाला अन् निघून गेला. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं का वाईट, तेबी सांगितलं न्हाई. म्हणजे कोरोना, हे मला शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सांगितलं.

केदारखेड्याहून जालन्याला मी अन् मालक संगंच आल्तो. त्यांना दुसऱ्या वार्डात नेलं. कुठं नेता म्हणून विचारलं, तर गाडा ढकलत निघूनच गेले. सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेले. बाई कोण अन् बाप्या कोण, तेच कळंना.

मंग माझं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, उतरलं. सीटी स्कॅन, म्हणजे छातीच्या आतला फोटो, काढायचा ठरला. एकजण आली. मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, पिशवीत टाकली. सलाईनसाठी हात धरला, तर हात सुजलेला, बांगड्या निघंनात. तिनं कडाकडा फोडल्या. तोंडातून एक शब्द न्हाई!

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं बाईचं मंगळसूत्र काढून बांगड्या कधी फोडतात? अहो, धुणं धुताना एखादी पिचकली तरी आम्ही 'फुटली' म्हणत न्हाई, 'वाढवली' म्हणतो. मी समजायचं ते समजले. मालक गेले. अन् ह्या मेल्यांनी मला सांगायची तसदीबी घेतली न्हाई.

ऑक्सिजनचा मास्क काढला अन् भिंतीकडं तोंड करून पडले. गोळी न्हाई, पाणी न्हाई. डॉक्टर ओरडला, "मरायचंय का?"

"हो. आता कुणासाठी जगू?"

"पेशंट ऐकत नाही," असं तो कुणाला तरी म्हणाला अन् पुढच्या खाटेकडं गेला. का ऐकत न्हाई, ते विचारायला त्याची जीभ झडली असती का?

संध्याकाळी एक सिस्टर आली. आधी तिनं आपलं नाव सांगितलं. मंग खाटेवर टेकली. "काकू, काय झालं?"

"मालकांचं तोंड तरी दाखवायचं होतं गं," म्हणलं अन् मोकळे हात पुढं केले.

पोरीला बराबर कळलं. पळतच गेली. थोड्या वेळानं फोनवर मालक दिसले. धापा टाकत होते, पण वरडले, "येडे, मला इथं सोडून कुठं निघालीस? लाव तो मास्क!"

मी ढसाढसा रडले अन् मास्क लावला. त्या सिस्टरच्या पोटी सोनं पिको. आम्ही दोघं तिच्यामुळं जिते आहोत.

पण बांगड्यांची गोष्ट फोनवरून गावात माझ्या आधी पोचल्ती. शिकलेले लोक म्हणतात, खेड्यातल्या म्हाताऱ्या अफवांवर विश्वास ठेवतात. अफवा कशाची? माझ्या हातावरचे ओरखडे काय अफवा होते?

तुमच्यावर वेळ आली तर जल्दी दवाखान्यात जा, घरी कुढत बसू नका. पण विचारा. चिडले तरी विचारा.

मी दवाखान्यात असतानाच माझ्या थोरल्या जाऊबाईला दम लागला. दवाखान्याची गाडी दारात आली. तिनं एवढंच विचारलं, "मला तिथं काय करतील?"

"टाइम न्हाई आजी, बसा," गाडीवाला म्हणाला.

ती घरात गेली अन् आतून कडी लावून घेतली. ती कडी मंग पोरांनी तोडली, तवर ती गेल्ती.