गिअरवरचा हात

मुंबईतली गिरणी बंद पडली तेव्हा मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत परत आलो. घरची नाचणीची जमीन डोंगराच्या उतारावर, तिच्यात माझ्या दोघा भावांचंच भागत नव्हतं. त्याच सुमारास महाडच्या एका व्यापाऱ्यानं लॉरी घेतली. बंदरावर उतरलेलं मीठ आणि इकडचा तांदूळ आंबेनळीच्या घाटानं वर देशावर न्यायचा, येताना बटाटा आणि गूळ आणायचा, असा त्याचा बेत होता. चालवायला त्यानं साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर ठेवला आणि त्याच्या हाताखाली शिकायला माणूस शोधत होता. मी यंत्रावर काम केलेला म्हणून शेठनं मला घेतलं. गोदामामागची खोली दिली, तिथं मी बायकोला घेऊन आलो.

ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणत. चाळिशी ओलांडलेला, सुक्या अंगाचा माणूस. चौदा सालच्या मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याला लष्कराची गाडी चालवून आलेला. दारू पीत नसे, शिव्या देत नसे. मला चालवायला बसवलं की तो माझ्या डाव्या बाजूला बसायचा आणि मांडीवर एक लोखंडी पाना ठेवायचा.

त्या गाड्यांचा गिअर आजच्यासारखा नव्हता. क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडून इंजिनाला थोडी रेस द्यायची, परत क्लच दाबून दुसरा गिअर घालायचा. जरा मागेपुढे झालं की आतले दात करकरत. दात करकरले की उस्ताद पाना उचलायचा आणि गिअरवरच्या माझ्या हातावर मारायचा. जोरात नाही. बोटांच्या पेरांवर, खिळा ठोकावा तसा. मग म्हणायचा, "परत."

एकदा मी विचारलं, "उस्ताद, तोंडानं सांगितलं तर नाय चालायचं?"

"मला बुटानं शिकवलं," तो म्हणाला. "परत."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उलट बोलता आलं असतं, कदाचित काम सोडून वाडीला जाताही आलं असतं. पण तो दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या चहातला अर्धा चहा मला ओतून द्यायचा आणि गाडीत बसल्यावर पाना मांडीवर घ्यायचा.

सुरुवातीला मी ओठ चावून सोसलं. पुढं मार लागायचा तो कळेनासा झाला. पाना पडताना दिसायचा, आवाज यायचा, पण तो हात माझा वाटायचा नाही. मग हळूहळू बाकीचंही तसंच झालं. वाडीहून भाऊ आला, भावजयीला मुलगा झाल्याचं सांगून गेला. मी बरं म्हणालो. तो गेल्यावर बायको माझ्याकडं बघत राहिली.

"हात सुजलाय तुमचा," ती म्हणाली.

"आसंल."

"दुखत नाय?"

"नाय."

तिला ते खरं वाटलं नाही. लॉरीला काम नव्हतं अशा एका दिवशी ती मला जवळच्या सव गावच्या कुंडांवर घेऊन गेली. तिथल्या गरम पाण्यात सांधे मोकळे होतात असं तिला शेजारणीनं सांगितलं होतं. मी कुंडाच्या काठावर बसलो आणि हात पाण्यात घातला. बाजूला एक म्हातारा पायाचा अंगठा बुडवून लगेच काढत होता, परत बुडवत होता. मी त्याची गंमत बघत बसलो. तेवढ्यात बायकोनं माझं मनगट धरून हात ओढून काढला. कोपरापर्यंत लालबुंद झाला होता.

"आवो, भाजतंय ना ते," ती म्हणाली.

मी हाताकडं बघितलं.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही मीठ घेऊन घाट चढलो. वर माल उतरवला, बटाटा भरला, रात्री तिथंच मुक्काम केला. सकाळी उस्तादाला हिव भरलं होतं. घोंगडी गुंडाळून, पाना मांडीवर घेऊन तो माझ्या जागेवर जाऊन बसला.

"तू घे," तो म्हणाला.

घाट उतरताना गाडी मी कधीच चालवली नव्हती. उतरायला लागायच्या आधी त्यानं विचारलं, "चढलो कुठल्या गिअरात?"

"पयल्या."

"मग त्यातच उतर. ब्रेकवर भरवसा ठेवू नको."

एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं तो तापात बडबडायला लागला. कुठल्याशा साहेबाला, पाणी संपलंय, पाणी संपलंय, असं सांगत होता.

निम्मा घाट उतरल्यावर एका वळणाच्या अलीकडे गिअर आपोआप निसटला. जुन्या गाडीत तसं व्हायचं. इंजिनाची ओढ सुटली आणि बटाट्याच्या वजनानं गाडी पळायला लागली. ब्रेक दाबला तर जळका वास आला, वेग तेवढाच. डाव्या हाताला दरी होती. माझ्या पायानं क्लच दाबला, सोडला, रेस दिली, परत दाबला, आणि हातानं गिअर आत ढकलला. दात जरासे करकरले, मग बसले. गाडीला झटका बसला आणि ती आवरली.

दात करकरले तेव्हा उस्तादाचा पाना उचललेला मला दिसला. डोळे मिटलेलेच होते. हात थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला आणि घोंगडीवर पडला.

त्या वेळी फार घाबरलो होतो, असं मी लोकांना सांगतो. तसं नाही सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. खरं म्हणजे मला काही वाटलं नाही. पोलादपूरला थांबून मी इंजिनात पाणी घातलं, उस्तादाला पाणी पाजलं आणि त्याला महाडला डॉक्टरकडं नेलं.

हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या घेऊन तो उठला. "गाडी खाली कुणी आणली?" त्यानं शेठला विचारलं. शेठनं माझं नाव सांगितलं. पुढच्या खेपेला पाना उस्तादानं हत्यारांच्या पेटीत टाकला आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बसला. त्यानं काही फरक पडला नाही. दात करकरले की माझा हात आपोआप मागे यायचा. पुढं कितीतरी वर्षं येत राहिला.

दिवाळीनंतर मी अलिबागला पोलीस साहेबापुढं गाडी चालवून दाखवली आणि मला लायसन मिळालं. उस्ताद कामावरून सुटून आपल्या गावाकडं गेला. तो निघाला तेव्हा मी त्याच्या पाया पडलो, कारण सगळे बघत होते. त्यानं माझ्या डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबून बघितली, मधल्या बोटावर थांबला. ते सरळ होत नव्हतं.

"क्लचवर पाय ठेवून बसू नको," तो म्हणाला, आणि गेला.

एकट्यानं पहिली खेप करून परत येताना मी पोलादपूरच्या नाक्यावर भजी घेतली. दुकानदारानं पुडी बांधताना दोन भजी काढून परत परातीत टाकली. मला राग आला. मोठा नाही, साधाच, कुणालाही यावा तसा. मी त्याला म्हणालो, "काढलीस ती घाल आत." त्यानं घातली. मी तिथंच उभा राहून ती खाल्ली. ती गरम होती आणि तिखट होती, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.