गुलाबी रंगापासून वाचलेले हंस

मंडळी, आज सकाळी पैनगंगेकाठच्या आमच्या गावात, यात्रेसाठी जुनं दगडी मंदिर रंगवायला काढलं होतं. ऑइलपेंटचे डबे उघडलेही होते.

मी म्हणालो, नका रंगवू. रंगारी हसला, "गुरुजी, तुम्हाला जुनंच गोड लागतंय. गुलाबी खांब लई भारी दिसतेत!"

सरपंच रुक्मिणबाईंनी नदीतून घागर भरून आणली आणि खांबावर ओतली. काळा दगड ओला झाला, धुळीत दडलेली कोरीव हंसांची अख्खी रांग उजळली. शाळेत पाठ केलेली कविता म्हातारपणी उमगावी, तसं झालं मला.

"आता ह्याच्यावर गुलाबी फासतो का रं?" बाईंनी विचारलं.

रंगाऱ्यानं डब्यांना झाकणं लावली. सध्या सगळं गाव खांब धुऊन राहिलंय. तुमच्या गावातल्या जुन्या दगडांवर कुणी पाणी ओतून पाहिलंय का?